घाट उतरण्यापूर्वी

खंडाळा ओलांडल्यावर मुंबईकडे निघालेला ट्रक बोरघाटाच्या उतारास लागतो. जाणता चालक तेथे केवळ ब्रेकवर विसंबत नाही. उतार सुरू होण्याआधीच तो खालचा गिअर टाकतो. साठीकडे झुकलेल्या चालकाने स्वतःच्या प्रकृतीबाबतही हीच सावधगिरी बाळगावी.

भाडे बुडेल या भीतीने तो दुखणे लपवतो. म्हणून आपल्या घरी असा चालक असेल, तर आपणच लक्ष ठेवावे. रात्री समोरच्या दिव्यांनी त्याचे डोळे दिपतात का? मोतीबिंदूची तपासणी करून घ्यावी. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेऊन जेवण चुकवल्यास रक्तातील साखर एकाएकी उतरते. घाम वा कापरे जाणवताच ट्रक सुरक्षित जागी थांबवून साखर खावी. पूर्ण बरे वाटल्यावाचून पुढे निघू नये. मोठ्याने घोरणे आणि दिवसा पेंग येणे ही लक्षणे डॉक्टरांना सांगावीत; झोपेत श्वास अडखळत असू शकतो.

पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विसावा, ही तरतूद 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातच होती. तो विसावा म्हणजे आळस नव्हे. ‘कुठवर आलात?’ असा फोन आपणही वाटेत करू नये. थांबल्यावर त्यांनीच करावा.