ओठांवरची चमकी

गौरी-गणपतीचे दिवस असावेत. महाडहून पोलादपूरकडे जाताना हमरस्ता सोडून आतल्या एखाद्या गावात शिरावे. रात्री दहा-साडेदहानंतर ढोलकीचा आवाज कानी येतो. जाखडी रंगलेली असते. मध्ये शाहीर आणि वाजवणारे, भोवती पायांत घुंगरू बांधलेल्या नाचणाऱ्यांचे रिंगण. एका बाजूला शक्तीवाले, दुसऱ्या बाजूला तुरेवाले, आणि सवाल-जवाबात पहाट कधी होते ते कळत नाही. पूर्वी हा नाच पुरुषांचाच. आता कित्येक ठिकाणी महिलांची मंडळेही उभी राहतात. अशा वेळी मंडपाच्या मागच्या बाजूला डोकवावे. एक हातआरसा, मोबाईलचा उजेड, लिपस्टिक, आणि शेजारी चमकीची एक चिमुकली बाटली हमखास दिसते. गालाला, भुवईवर लावायची ही चमकी हल्ली ओठांवरही चढली आहे.

ही हौस वाईट नाही. २०१६ साली पॅट मॅकग्राथ या नामवंत ब्रिटिश रंगभूषाकार बाईंनी खास ओठांच्या चमकीचा संच बाजारात आणला आणि चमचमते ओठ जगभर गाजले. तेच चित्र मोबाईलवरून आपल्या गावात आले. प्रश्न आहे तो बाटलीत नेमके काय आहे, याचा.

मी शाळेत विज्ञान शिकवत असे. स्नेहसंमेलनात मुलांची तोंडे रंगवण्याचे कामही पुष्कळदा माझ्याकडेच येई. एका वर्षी आठवीतली एक मुलगी ओठ लालभडक चमकवून आली. भेटकार्डे सजवायला आणलेली चमकी तिने डिंकाने ओठांवर चिकटवली होती. रंगमंचावर ती खरोखर उठून दिसली. कोळीनृत्य आटोपून विंगेत परतली तेव्हा चमकी फक्त ओठांच्या कडांना उरली होती. मी विचारले, ‘‘अगं, बाकीची कुठे गेली?’’ ती हसून म्हणाली, ‘‘कुठे जाणार सर? पोटात!’’ दुसऱ्या दिवशी तिचे ओठ सुजले होते, सालपटे निघत होती. सुदैवाने चार दिवसांत सगळे ठीक झाले. पण तिचे ते उत्तर मी विसरलो नाही. त्या एका शब्दात या विषयाचे सगळे सार आहे.

आपला ओठ म्हणजे गालासारखी कातडी नव्हे. ओठाच्या लाल भागावरचा बाहेरचा थर फार पातळ असतो. म्हणूनच आतल्या रक्ताचा रंग बाहेर दिसतो. त्या भागाला केस नाहीत, घामाच्या ग्रंथी नाहीत. तो लवकर सुकतो, लवकर फुटतो, आणि सुकला की आपण नकळत जीभ फिरवतो. बोलताना, गाताना, चहा पिताना ओठावरचे थोडे थोडे पोटात जातच असते. त्यामुळे गालाला लावायची वस्तू आणि ओठाला लावायची वस्तू यांना एकच माप लावून चालत नाही. ओठाची चमकी निवडताना ती आपण खाणार आहोत, हे धरूनच निवडावी.

कुणी म्हणेल, जुन्या काळी लोककलावंत काय कमी रंग लावत होते? लावत होते, आणि चमकही आणत होते. गॅसबत्तीच्या पिवळसर उजेडात राजाचे किंवा देवाचे सोंग उठून दिसावे म्हणून अभ्रकाची पूड वापरली जाई. मान हलली की अभ्रकाचा कण न् कण लकाकायचा. पण त्या काळचे सगळे रंग निर्धोक होते असे मानणे ही भाबडी समजूत आहे. तोंड रंगवायला मुर्दाडशिंग लागे. ते शिशाचे भस्म. लाल रंगासाठी हिंगूळ, तो पाऱ्याचा. केरळातल्या कथकलीच्या परंपरागत रंगांत पिवळ्यासाठी हरताळ असे, त्यात आर्सेनिक म्हणजे सोमल. शिसे आणि पारा शरीरात साठत जातात आणि मज्जासंस्थेला इजा करतात, हे आज आपल्याला ठाऊक आहे. त्या कलावंतांना ते कुणी सांगितले नव्हते. आपल्याला सांगितलेले आहे, एवढाच फरक.

आता आजच्या चमकीकडे वळू. दुकानात चमकी या एकाच नावाखाली निदान दोन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात. पहिली प्लास्टिकची. शीतपेयांच्या बाटल्या ज्या प्लास्टिकच्या असतात, त्याच पॉलिएस्टरचा अतिशय पातळ पापुद्रा घेतात. निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ करून तिचा थर त्यावर बसवतात, वर रंगाचा हात देतात आणि यंत्रावर त्याचे बारीक तुकडे करतात. भिंगाखाली पाहिले तर हे तुकडे बहुधा षटकोनी दिसतात. मधमाशीच्या पोळ्याप्रमाणे षटकोन एकमेकांना चिकटून बसतात, त्यामुळे पापुद्रा वाया जात नाही. प्रत्येक तुकडा म्हणजे एक छोटा आरसा. ओठ हलले की कुठला ना कुठला आरसा प्रकाशाच्या वाटेत येतो आणि लखकन चमकतो.

हस्तकलेच्या चमकीचे कण बहुधा मोठे असतात, त्यांच्या कडा आणि कोपरे टोकदार असतात. काही चमकी तर धातूची किंवा काचेची असते. शिवाय तिचा रंग कागदासाठी केलेला असतो. तेल, लाळ, घाम लागल्यावर तो सुटणार नाही, याची हमी कुणी दिलेली नसते. प्रसाधनासाठी केलेली चमकी बारीक असते आणि तिचा रंग त्वचेवर वापरता येईल असा निवडलेला असतो.

दुसरी वस्तू म्हणजे अभ्रकाची चकाकी. अभ्रकाच्या सूक्ष्म पापुद्र्यांवर टिटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर दिला की मोत्यासारखी झाक येते. थराची जाडी बदलली की झाकही सोनेरी, गुलाबी, निळसर अशी बदलते. पावसाळ्यात डांबरी रस्त्यावर सांडलेल्या तेलावर जे रंग दिसतात, त्यांचेही कारण हेच. लिपस्टिकमधली मंद चकाकी पुष्कळदा या अभ्रकाची असते. ती प्लास्टिकच्या चमकीइतकी लखलखत नाही, पण ओठांना बोचतही नाही. या अभ्रकालाही एक काळी बाजू आहे. झारखंड-बिहारच्या अभ्रकपट्ट्यात लहान मुले खाणींत राबत असल्याचे अनेकदा उघडकीस आले. २०१७ पासून काही मोठ्या कंपन्या आणि संस्था एकत्र येऊन ते थांबवण्याच्या प्रयत्नात आहेत. काही उत्पादक कारखान्यात बनवलेल्या कृत्रिम अभ्रकाकडे वळले आहेत.

मग दुकानात उभे राहून ओळखायचे कसे? आपल्याकडे १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आहे आणि त्याखाली २०२० चे सौंदर्यप्रसाधने नियम आहेत. रंगासाठी शिशाची किंवा आर्सेनिकची संयुगे वापरलेले प्रसाधन बनवायला बंदी आहे. प्रसाधनातल्या कृत्रिम रंगात अशुद्धी म्हणून शिसे आलेच, तर दहा लाख भागांत २० भागांपेक्षा आणि आर्सेनिक २ भागांपेक्षा जास्त चालत नाही. कायदेशीर प्रसाधनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापरण्याची मुदत आणि घटकांची यादी असते. परदेशी माल असेल तर आयात करणाऱ्याचे नाव आणि नोंदणी क्रमांक. महाडला वीरेश्वराच्या छबिन्याच्या जत्रेत फिरताना दहा-वीस रुपयांच्या बाटल्यांवर यातले काय काय आहे, ते एकदा उलटून पाहावे. काहीच छापलेले नसेल तर ती चमकी रांगोळीवर घालावी, भेटकार्डावर लावावी. ओठावर नको.

आणखी एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. डोळ्यांसाठी चालणारी प्रत्येक वस्तू ओठांसाठी चालते असे नाही. उदाहरणार्थ, अमेरिकेच्या नियमांनुसार क्रोमियमचे हिरवे रंग आणि अल्ट्रामरीन हा निळा रंग पापण्यांवर वापरता येतो, पण ओठांच्या प्रसाधनात नाही. कारण उघड आहे. पापणी कुणी चाटत नाही. म्हणून बाटलीवर ‘ओठांसाठी’ असे स्पष्ट लिहिलेले असेल तीच चमकी घ्यावी.

‘नॉन-टॉक्सिक’ म्हणजे बिनविषारी, या शब्दानेही फसू नये. बिनविषारी म्हणजे खाण्याजोगे नव्हे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात एका वाढदिवसाचा केक खाऊन सहा मुलांना उलट्या-जुलाब झाले. केकवरची सोनेरी चकाकी तपासली, तेव्हा ती जवळजवळ सगळी तांब्याची पूड निघाली. दिसायला सुंदर, पण खाण्यासाठी केलेलीच नव्हती. उलट आपल्या मिठाईवरचा चांदीचा वर्ख पाहा. तो पोटात जाणार म्हणून त्यातली चांदी हजारात ९९९ भाग शुद्ध हवी, असा नियमच आहे. ओठाच्या चमकीलाही आपण मनाशी असाच नियम लावावा.

आता लावायची रीत. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी चमकी आणि तिच्याखालचा चिकट लेप कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून पाहावा. खाज किंवा लाली आली तर तो बेत सोडावा. ओठ फुटलेले असतील, तोंडाच्या कोपऱ्यात चीर असेल, तर त्या दिवशी साधी लिपस्टिक बरी. ओठ स्वच्छ करून, टिपून, कडेने पेन्सिल फिरवावी. चमकीच्याच रंगाची लिपस्टिक आधी लावावी, म्हणजे चमकी थोडी झडली तरी ओठ ठिगळासारखे दिसत नाहीत. वर ओठांचा चिकट लेप किंवा जाडसर ग्लॉस द्यावा. मग चपट्या, किंचित ओलसर ब्रशने चमकी टिपून बसवावी, घासू नये. ओठ जिथे एकमेकांना मिटतात ती आतली कड मोकळी सोडावी. पोटात जाणारी बहुतेक चमकी तिथूनच जाते.

रंगमंचासाठी एक युक्ती सांगतो. दिवे वरून येतात, त्यामुळे सगळ्यांत जास्त प्रकाश खालच्या ओठाच्या मध्यावर पडतो. तेवढ्याच भागावर चमकी आणि बाकी ओठांवर नुसता रंग ठेवला, तरी मागच्या रांगेतून सगळा ओठ चमकल्यासारखा वाटतो. चमकी निम्मी लागते आणि परिणाम तोच.

डिंक, कागद चिकटवायचा गोंद, खोट्या पापण्यांचा गोंद या वस्तू ओठाला लावू नयेत. बाटलीत फुंकर मारू नये. ती पूड श्वासात जाते, आणि डोळ्यांत गेलेला एक टोकदार कण बुबुळावर ओरखडा काढू शकतो. गाणाऱ्याने चमकी टाळलेलीच बरी, कारण मोठा श्वास तो तोंडाने घेतो. लहान मुलांच्या ओठांना ती लावूच नये. त्यांना गालावर एक चांदणी काढून दिली तरी ती खूश असतात.

काढताना घाई करू नये. कापसावर खोबरेल तेल घेऊन तो ओठांवर थोडा वेळ धरावा, लेप सैल झाला की हलक्या हाताने आतून बाहेर पुसून घ्यावे. नंतर तोंड धुवावे. तो कापूस केराच्या डब्यात टाकावा. नळाखाली खळखळून धुतलेली प्लास्टिकची चमकी नाहीशी होत नाही. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावून पोलादपूर आणि महाडवरून वाहणारी आपली सावित्री बाणकोटच्या खाडीने समुद्राला मिळते. मोरीतून गेलेली चमकी ओढ्यातून, पऱ्ह्यातून त्याच वाटेने जाते आणि तिथे कुजत नाही. युरोपीय संघाने हे ओळखून १७ ऑक्टोबर २०२३ पासून हस्तकलेच्या सुट्या प्लास्टिक चमकीची विक्री थांबवली. ओठांच्या आणि नखांच्या प्रसाधनांना आणि मेकअपला २०३५ पर्यंत मुदत आहे. तोवर उत्पादकांना दुसरे काही शोधावे लागेल.

सण आला की नटावेसे वाटतेच, आणि नटावेही. पुढच्या गणपतीत मंडपामागे कुणी मुलगी आरशासमोर बसली असेल, तर तिच्या हातातली बाटली तेवढी घ्यावी, उलटी करावी आणि मोठ्याने वाचून दाखवावी. वाचण्यासारखे काही सापडले, तर तिला खुशाल नटू द्यावे. नाही सापडले, तर लाल लिपस्टिक आणि घुंगरांचा ठेका एवढ्यावरही जाखडी उत्तम रंगते. इतकी वर्षे रंगत आलीच आहे.