जागलीची बॅटरी घेताना

आखाडा बाळापूरच्या शिवारात रात्री दिवे हलतात ते शिकारीसाठी नव्हे, हळदीला पाणी द्यायला आणि रानडुकरं, रोही हुसकायला. (वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार विनापरवाना शिकार गुन्हाच.)

खोक्यावरच्या ल्युमेनच्या आकड्याला भुलू नका. तो एकूण प्रकाश सांगतो, झोत किती लांब जाईल हे नाही. त्यासाठी कँडेला पाहा: १०,००० कँडेलाचा झोत सुमारे २०० मीटरवर पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उरतो. बांधावरून जनावराचे डोळे चमकलेले दिसायला तेवढा पुरे.

डोक्यावरच्या दिव्याचं काम वेगळं. त्याला पसरट, मंद उजेड हवा. १००-२०० ल्युमेन भरपूर. हात दाऱ्यावर मोकळे राहतात, पायापुढचा साप दिसतो. आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे चालतील; पाटात पडण्याची भीती असेल तर आयपीएक्स७ घ्या, ते एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतं.

सेलवर मात्र डोळे उघडे ठेवा. १८६५० आकाराच्या चांगल्या लिथियम सेलची क्षमता साधारण ३,५०० एमएएचच्या आसपास संपते. बाजारात ९,९०० छापलेले सर्रास मिळतात. ती निव्वळ थाप आहे.