कुतूहल : द्राक्षं जातात, तेल येतं
पनवेलहून न्हावा-शेवा बंदराकडे कंटेनरची रांग लागलेली असते. नाशिकची द्राक्षं युरोपला निघतात. इंडोनेशिया-मलेशियातलं पामतेल आपल्याकडे येतं. सगळं इथंच का पिकवू नये?

उत्तरासाठी गणपतीतलं स्वयंपाकघर आठवा. आई तासात २० मोदक वळते किंवा ४ नारळ खवते. ताई ६ मोदक किंवा ३ नारळ. आई दोन्हींत सरस. पण आईनं एक नारळ खवला की ५ मोदक बुडतात, ताईचे दोनच. म्हणून मोदक आईकडे, खवणी ताईकडे!

१८१७मध्ये अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोनं इंग्लंडचं कापड आणि पोर्तुगालची वाइन घेऊन देशांबाबत हेच दाखवलं. मात्र आयात स्वस्त झाली की इथल्या तेलबिया-शेतकऱ्याला झळ बसते. फायदा देशाचा, पण वाटणी सारखी नसते.