विजेरीचे एलईडी-रूपांतर

विजेरीतील (टॉर्चमधील) तंतुदीप काढून त्याच्या जागी प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थ (एलईडी) बसविण्याच्या क्रियेस विजेरीचे एलईडी-रूपांतर म्हणतात. तंतुदीपात टंगस्टनाची तार तापून प्रकाशते व बहुतेक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. एलईडीमध्ये अर्धसंवाहकातून विद्युत् प्रवाह जाताना सरळ प्रकाश उत्पन्न होतो. लाल प्रकाशाचा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये तयार केला. पांढऱ्या प्रकाशासाठी आवश्यक असलेला निळा एलईडी मात्र १९९० नंतरच व्यवहारात आला. त्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या एलईडीवर पिवळा प्रकाश देणाऱ्या अनुस्फुरकाचा थर दिला म्हणजे पांढरा प्रकाश मिळतो.

विद्युत् दाबाचा मेळ : शुष्क घटाचा दाब १·५ व्होल्ट असतो, पांढऱ्या एलईडीस सु. ३·२ व्होल्ट लागतात. त्यामुळे दोन घटांच्या विजेरीत दिवा नुसता बदलून भागत नाही; घट नवे असतानाही प्रकाश क्षीण पडतो व लवकरच मावळतो. तीन घटांचा दाब ४·५ व्होल्ट होतो, पण तो एलईडीस थेट दिल्यास प्रवाह बेसुमार वाढून एलईडी निकामी होतो. म्हणून एकसरीत रोधक जोडतात. ५ मिमी. व्यासाच्या एलईडीस २० मिलिअँपिअर प्रवाह द्यावयाचा असल्यास उरलेल्या १·३ व्होल्टला ०·०२ ने भागून ६५ ओहम रोध येतो. बाजारात मिळणारा ६८ ओहमचा, पाव वॉटचा रोधक पुरतो. एक किंवा दोन घटांसाठी ट्रँझिस्टर व वेटोळे यांचे दाब वाढविणारे छोटे मंडल लागते.

जोडणी : तंतुदीप कसाही जोडला तरी लागतो, एलईडी उलटा जोडल्यास लागत नाही. नव्या एलईडीचा लांब पाय धन असतो. नेहमीच्या विजेरीत घटाची धन टोपी दिव्याच्या मध्यबिंदूस टेकते. म्हणून फुटलेल्या दिव्याच्या बैठकीत मध्यबिंदूस रोधक व त्यापुढे लांब पाय, आणि कडेस आखूड पाय डाखतात. हे सर्व साहित्य पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीच्या परिसरात सहज मिळते.

गुणदोष : ०·३ अँपिअर घेणाऱ्या तंतुदीपाच्या तुलनेने एका एलईडीस पंधरावा हिस्सा प्रवाह लागतो, त्यामुळे घट कित्येक पटींनी अधिक काळ टिकतात. एलईडीत तार नसल्याने विजेरी पडली तरी तो सहसा बिघडत नाही. रात्रीच्या वीजपुरवठ्यात पिकाला पाणी देणारा शेतकरी किंवा पहाटेच्या अंधारात सिंहगड चढणारा यांना पायाखालचे साप व दगड दिसणे हे या दोन गुणांवर अवलंबून असते. उलट, अशा एलईडीचा प्रकाश पुढच्या बाजूसच पडत असल्याने परावर्तकाचा उपयोग थोडा होतो, व एकाच एलईडीचा झोत दूरवर पोहोचत नाही. त्यासाठी एक वॉटचा एलईडी घेतल्यास त्याची उष्णता वाहून नेणारी ॲल्युमिनियमची चकती आवश्यक असते. प्लॅस्टिकच्या विजेरीत ती उष्णता साठून एलईडीचे आयुष्य घटते. शिवाय, घट दीर्घकाळ बदलावे न लागल्याने ते आतच पाझरून पत्र्याच्या पट्ट्या गंजण्याचा संभव वाढतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी ते काढून तपासणे इष्ट ठरते.