जखमी कबूतर आणि आपली घाई

जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने हसनाबादला येऊन कबुतराच्या मलमपट्टीवर बोलावं, याचं काहींना हसू येईल. येऊ द्या. विषय आम्हीच निवडलाय आणि त्याला कारण आहे.

लहानपणी आमच्या घरी ढाबळ होती. एकदा मांजराने एक कबूतर धरलं. आम्ही ते सोडवलं, जखमेवर हळद-तेल थापलं, छातीभोवती फडकं करकचून बांधलं आणि चमच्याने तोंडात पाणी ओतलं. तासाभरात ते गेलं. पुष्कळ वर्षं आम्ही मांजरालाच दोष देत होतो. पुढे कळलं, आमचे तिन्ही उपाय चुकीचे होते.

का चुकीचे? पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड हललं तरच श्वास चालतो. छाती आवळली की जीव गुदमरतो. कबूतर चोच बुडवून पाणी ओढून घेतं. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच असल्यामुळे आपण ओतलेलं पाणी तिकडे उतरू शकतं. आणि तेलाने पिसं चिकटली की ती ऊब धरत नाहीत. कबुतराच्या अंगाचं तापमान ४१-४२ अंश सेल्सिअस. जखमी पक्ष्याला ही ऊब टिकवणंच जड जातं.

मग करायचं काय? रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने चार-पाच मिनिटं हलकं दाबून धरा. सारखं उचलून बघू नका. मग भोकं पाडलेल्या खोक्यात मऊ कापड घालून पक्षी ठेवा. एका कडेला फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली ठेवा. अंधार, ऊब आणि शांतता, हे पहिलं औषध. पक्षी सावरला, की उथळ वाटीत पाणी पुढे ठेवा. प्यायचं ते त्याचं तो पिईल.

वरवरची जखम असेल तर अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट चमचाभर मीठ घालून त्याने धुवा. पण पंखाचं हाड मोडून बाहेर दिसत असेल, तर पाणी घालूच नका. पंखाचं वरचं हाड पोकळ असतं, आतून श्वासाच्या पिशव्यांना जोडलेलं असतं. पायात किंवा पंखात मांजा अडकला असेल तर ओढू नका, बोथट टोकाच्या कात्रीने कापा. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली बंदी घातली खरी, पण संक्रांत सरली तरी झाडांवर तो लोंबत असतोच.

आता घरी काय करू नये, ते ऐका. मांजराचा दात लागला असेल तर जखम टाचणीएवढी दिसली तरी त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. मांजराच्या लाळेतले जंतू पक्ष्याला एक-दोन दिवसांत मारू शकतात. गळ्याखालच्या पिशवीतून दाणे-पाणी बाहेर येत असेल तर टाके लागतात. आणि आपली दुखण्याची गोळी देऊ नका. डायक्लोफिनॅकने या देशातली गिधाडं कशी संपत आली, हे आठवा. २००६ साली जनावरांसाठी ते बंद करावं लागलं. भोकरदनला जाणं जमत नसेल तर पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर विचारा. आणि हो, पक्षी हाताळल्यावर साबणाने हात धुवा.

इथून जवळच अजिंठ्याला, पहिल्या लेण्यात, शिबी राजाची कथा चितारली आहे. शरण आलेल्या कबुतरासाठी राजा स्वतःचं मांस तराजूत घालतो. आपण त्यागावर बोलतो, तराजू मात्र विसरतो. समोरच्याला किती हवं, ते तिथे मोजलं जातं. आम्ही त्या दिवशी मोजलं नव्हतं. आमची तगमग शमावी म्हणून हात चालत होते, आणि त्यालाच आम्ही दया म्हणत होतो.

तेव्हा मंडळी, जखमी पक्षी हाती आला की आधी आपला हात थोडा आवरा. त्याला काय हवं ते बघा, मग करा. थांबतो आम्ही.