पाहणारा, ऐकणारा आणि करणारा

क्रीडाशिक्षकांच्या उजळणीवर्गांत एक वाक्य अलीकडे असे प्रतिष्ठा पावले आहे, की ते उच्चारणाऱ्याकडे पुरावा मागणे हा जणू शिष्टाचाराचा भंगच ठरावा: “हा मुलगा पाहून शिकणारा, तो ऐकून शिकणारा, तिसरा करून शिकणारा, ज्याचा जो प्रकार, त्या प्रकाराने त्याला शिकवावे.” प्रश्नावली भरून घ्यावी, गुणांची बेरीज मांडावी, नावापुढे शेरा मारावा आणि दप्तर बांधून ठेवावे, असा हा सुटसुटीत कारभार. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांची ‘वार्क’ ही प्रश्नावली त्याचे सर्वपरिचित साधन होय. ती भरणारा आपली आवड नोंदवतो, हे कबूल. परंतु आवडीच्या मार्गानेच आकलनही अधिक होते, हे कोणी सिद्ध केले?

सिद्ध करावयाचे तर कसोटी सरळ आहे. तथाकथित पाहणाऱ्यांचे आणि ऐकणाऱ्यांचे निम्मे-निम्मे गट पाडून एकास दाखवून व दुसऱ्यास सांगून शिकवावे, आणि अखेर सर्वांची परीक्षा एकच घ्यावी. पाहणाऱ्यांस दाखवण्याने व ऐकणाऱ्यांस सांगण्याने अधिक लाभ झाला, तरच सिद्धान्त टिकला. हॅरोल्ड पॅशलर व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००८ साली उपलब्ध संशोधनाची छाननी केली, तेव्हा या कसोटीस पात्र असे प्रयोगच विरळा, आणि पात्र ठरलेल्यांपैकी कित्येकांचा निष्कर्ष सिद्धान्ताच्या सरळ विरुद्ध, असे आढळले. तरीही २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ब्रिटन व नेदरलँड्समधील ९० टक्क्यांहून अधिक शिक्षकांनी हा समज खरा मानला होता!

मैदानावर तर त्याची अधिकच त्रेधा उडते. दोरीच्या मल्लखांबावर चढताना दोरी पायाचा अंगठा व शेजारचे बोट यांच्या बेचक्यात धरावी लागते. ही पकड आधी पाहावी लागते, वस्तादाची सूचना ऐकावी लागते, आणि बेचकी चुरचुरेपर्यंत स्वतः करावीही लागते. जो मुलगा ‘ऐकणारा’ ठरला, त्याने अंगठा घरी ठेवून यावे काय?

मग मुले एकसारखीच असतात, असे कोणी म्हणत नाही. नवशिक्यास एका वेळी एकच सूचना व वारंवार प्रात्यक्षिक लागते, तर मुरलेल्या खेळाडूस तीच बारीक सूचना अडथळा होऊ शकते. एकाएकी उंची वाढलेल्या मुलाचा तोल काही काळ बिघडतो आणि उलट्या उडीची भीती बसलेल्या मुलीस आधी गादी व आधाराचा हात हवा असतो. अंधांच्या क्रिकेटमध्ये चेंडूत छर्रे घातलेले असतात, कारण फलंदाजास तो ऐकू यावा लागतो. कर्णबधिर धावपटूस पिस्तुलाऐवजी दिव्याचा इशारा मिळतो. या तजविजी ज्यांच्यासाठी केल्या, त्यांची कोणी प्रश्नावली भरून घेतली नव्हती, आणि एखाद्या अंध मुलाचा पाय हाताने धरून दोरीवर बसवणारा शिक्षक त्याची आवड जपत नसून गरज भागवत असतो. अनुभव, वय, शरीर, इंद्रिये आणि भय, हे भेद डोळ्यांसमोर असताना कागदावरच्या तीन रकान्यांत मुले कोंबण्याचा उद्योग कशासाठी, हे मला तरी उमगलेले नाही.

किरकोळ गैरसमजही काही आहेत. एकच फटका सलग घोटवला की तो पक्का होतो, असे म्हणतात. गुड व मॅगिल यांच्या १९८६ च्या बॅडमिंटनवरील प्रयोगात तीन प्रकारच्या सर्व्हिस मिसळून सराव करणाऱ्या मुली पुढील चाचणीत सरस ठरल्या. प्रत्येक प्रयत्नानंतर चूक सांगितलीच पाहिजे, हेही खरे नव्हे. सतत सांगत राहिल्यास शिकणारा स्वतःची चूक स्वतः ओळखण्याचे सोडून देतो. राहिला तो दहा हजार तास सराव केला की कोणीही निष्णात होतो, हा समज. मूळ अभ्यास १९९३ चा, अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांचा. आकडा निवडक व्हायोलिनवादकांच्या विसाव्या वर्षापर्यंतच्या सरावाची सरासरी सांगणारा, आणि त्या वादकांतले निम्मे तर तोवर तेथवर पोहोचलेच नव्हते, असे एरिक्सन यांनी पुढे स्वतःच नमूद केले आहे.