शेकडा शहाण्णवचा हिशेब

मोबाइलच्या पडद्यावर चित्रांची चाके फिरविणारे जे पैशांचे खेळ निघाले आहेत, त्यांच्या माहितीत पुष्कळदा बारीक अक्षरांत एक आकडा दिलेला असतो: ‘परतावा ९६ टक्के’. वाचणाऱ्याचा सहज समज होतो की, शंभर रुपये घेऊन बसले तर शहाण्णव तरी हाती उरतील. चार रुपयांत घटकाभर करमणूक, म्हणजे सौदा काही महाग नव्हे. हा समज कोठे चुकतो, हा आकडा कोण ठरवितो आणि तो खरा की खोटा हे कसे कळावे, या तीन प्रश्नांचा आज विचार करावयाचा आहे.

प्रथम परतावा म्हणजे काय ते पाहू. मटक्याचे नाव आपणांपैकी बहुतेकांच्या कानांवरून गेलेले आहे. दहा आकड्यांपैकी एकावर रुपया लावावयाचा आणि तो आला तर नऊ रुपये घ्यावयाचे, असा दर धरू. दहा जणांनी दहा निरनिराळ्या आकड्यांवर एकेक रुपया लावला, तर दहा रुपये जमतात, एकाला नऊ मिळतात आणि एक रुपया चालविणाऱ्याच्या पेटीत राहतो. परतावा झाला शेकडा नव्वद. सोडत अगदी प्रामाणिकपणे काढली, तरीही हा रुपया जातोच. मात्र येथे आकडे दहाच आहेत हे सर्वांस ठाऊक असते. म्हणून हिशेब कोणासही मांडता येतो.

स्लॉट मशीनच्या बाबतीत नेमकी हीच सोय नाहीशी झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्को येथे चार्ल्स फे या कारागिराने ‘लिबर्टी बेल’ नावाचे तीन चाकांचे यंत्र तयार केले. चाकांवर चित्रे किती हे मोजता आले, की जिंकण्याचा संभवही काढता येई. पुढे १९८४ साली इंगे टेलनेस यांना अमेरिकेत एक पेटंट मिळाले. त्या रचनेत चाक कोठे थांबावयाचे हे चाक ठरवीत नाही. यंत्रातील गणकप्रणाली कोणताही क्रम नसलेले अंक निर्माण करते आणि तो अंक चाकाची जागा ठरवितो. उदाहरणार्थ, चाकावर बावीस जागा दिसतात, परंतु आतील यादी चौसष्ट अंकांची आहे आणि मोठ्या बक्षिसाच्या चित्रास त्यांतील एकच अंक दिला आहे, असे समजा. तीन चाकांवर ते चित्र एकदम येण्याचा संभव डोळ्यांना १०,६४८ त एक वाटेल. वस्तुतः तो २,६२,१४४ त एक असेल. ऑनलाइन खेळात तर चाकच नाही, केवळ चाकाचे चित्र आहे. फेरीचा निकाल त्या अंकाने ठरतो; मागून फिरते ती शोभा.

आता शहाण्णव टक्क्यांकडे वळू. हा दर खिशातून आणलेल्या रकमेवर नसतो. तो प्रत्येक वेळी लावलेल्या डावावर असतो. हजार रुपये एकवार लावून संपविले, तर सरासरीने ९६० परत येतात. पण खेळणारा तेथे उठत नाही, ते ९६० पुन्हा लावतो. मग ९२१ रुपये ६० पैसे उरतात, त्यानंतर सुमारे ८८५. अशी सतरा आवर्तने झाली, की हजाराचे पाचशेही पुरते राहत नाहीत. दहा रुपयांचा डाव आणि तासाला सहाशे फेऱ्या धरल्या, तर तासात सहा हजार रुपयांची उलाढाल होते व त्यावर शेकडा चार प्रमाणे २४० रुपये जातात. परतावा ९६ ऐवजी ९२ असेल, तर ४८० जातात. वरवर चार टक्क्यांचा फरक. पण खेळाची किंमत दुप्पट! आणि एकच खेळ, तीच चित्रे, तेच संगीत, निरनिराळ्या परताव्याच्या आवृत्त्यांत पुरविला जातो, ही या धंद्यातील नित्याची गोष्ट आहे.

मग अनुभवाने फरक कळणार नाही काय? कळणार नाही. वाण्याच्या तराजूचा संशय आला, तर आपण धान्य दुसरीकडे तोलून पाहतो. येथे दुसरा तराजू नाही. नशिबाचे चढउतार इतके मोठे असतात, की ९२ टक्क्यांच्या खेळात एखादा दिवस लाभाचा जातो आणि ९६ टक्क्यांच्या खेळात खिसा रिकामा होतो. हा फरक हजारो फेऱ्यांनंतरही एकट्या माणसास निश्चित सांगता यावयाचा नाही. म्हणूनच वजनमापांवर जसा निरीक्षकाचा शिक्का लागतो, तशी येथे त्रयस्थाची तपासणी लागते.

काही देशांनी ती व्यवस्था केली आहे. अमेरिकेत नेवाडा राज्याच्या नियमांनी यंत्राचा किमान परतावा ७५ टक्के ठरविला. न्यू जर्सीने ८३ टक्के. ब्रिटनमध्ये जिंकण्याच्या संभवाची अथवा परताव्याची माहिती खेळणाऱ्यास उपलब्ध करून देणे ऑनलाइन चालकांवर बंधनकारक आहे. तथापि शिक्का मारणाऱ्यावरही नजर लागते. नेवाडाच्या नियंत्रण मंडळातील एका तंत्रज्ञानेच यंत्रांच्या प्रणालीत गुप्त फेरफार केल्याचे १९९५ नंतर उघडकीस आले.

शिवाय आकडा खरा असला, म्हणजे व्यवहार सरळ झाला असेही नाही. वीस रुपये लावून आठ परत आले, म्हणजे बारा गेले. परंतु यंत्र घंटा वाजवून अभिनंदन करते! तोट्याला विजयाचा पोशाख चढविण्याच्या या रीतीस ब्रिटनने ऑक्टोबर २०२१ पासून बंदी केली आणि दोन फेऱ्यांमध्ये किमान अडीच सेकंदांचे अंतर सक्तीचे केले. २०२५ साली तेथे एका फेरीच्या डावावर पाच पौंडांची, आणि पंचविशीच्या आतील खेळाडूंसाठी दोन पौंडांची मर्यादा आली.

आपल्याकडची स्थिती निराळी आहे. गोव्यात १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांना वाट मिळाली. ऑनलाइन खेळांविषयी मात्र संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा संमत केला. पैसे लावून खेळावयाचे खेळ पुरविणे, त्यांची जाहिरात करणे व त्यांचे आर्थिक व्यवहार पार पाडणे, या तिहींस त्याने मनाई केली; शिक्षेची तरतूद खेळणाऱ्यासाठी नाही. अर्थात्, परदेशांतून चोरवाटेने येणाऱ्या खेळावर ‘९६ टक्के’ असे लिहिलेले दिसले, तर त्या आकड्यामागे आपल्या कायद्याचा शिक्का नाही आणि दाद मागावयास दारही नाही.

ज्यांच्या घरात तरुण मुलांच्या हाती हा खेळ आला आहे, त्यांनी रागावण्याआधी कागद पेन्सिल घेऊन वरील सतरा आवर्तनांचा हिशेब त्यांच्यासमवेत मांडावा. ‘बराच वेळ लागले नाही, आता लागेलच’ ही आशाही त्यांच्याशी बोलून तपासावी. कारण प्रामाणिक यंत्रास मागची फेरी आठवत नसते. पारदर्शकतेने खेळाची खरी किंमत कळते, ती कमी होत नाही. खोट्या आकड्याने माणूस फसतो. खऱ्या आकड्यानेही तो हरतोच, फक्त किती हरणार हे त्याला आधी सांगितलेले असते.